अंगी लागणं

माझा टोस्टर वेगळा आहे.
वरच्या फळीवर, लाल पट्टी चिकटवलेला,
पट्टीवर सुनेचं अक्षर: वीत्स्केआजी. हात लावू नये.
जणू टोस्टरचंच नाव वीत्स्के.

हसू नका. दुसऱ्याच्या सुरीवरच्या चिमूटभर चुऱ्यापायी
मी तीन तीन दिवस न्हाणीघराच्या फरश्या मोजल्या आहेत.
म्हणून भिंग घेऊन वाचते प्रत्येक पुडा,
सूप, मोहरीची बाटली, खोकल्याच्या गोळ्यासुद्धा.
गहू कुठेही बसलेला असतो
मुकाट, नाव बदलून.

इथे लेडनमध्ये, आमच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या म्हणतात,
फार काटेकोर बाई.
म्हणू देत.

लहानपणी खाल्लेलं माझ्या अंगी लागत नसे.
दुधात कुस्करलेला पाव, पावाची लापशी, पुन्हा पाव.
पोट नगारा, हातपाय काड्या.
डॉक्टर म्हणायचे, अजून भरवा.
आई अजून भरवायची.

मग चव्वेचाळीसचा हिवाळा आला.
कालवे गोठले. कोळसा संपला.
बाबांनी जिन्याचा कठडा तोडून चूल पेटवली.
पाव मिळे आठवड्याला तळहाताएवढा,
मी तो ओकते म्हणून माझा वाटा युर्रेला,
माझ्या भावाला.
मला ट्यूलिपचे कंद.
सोलायचे, मधला पिवळा कोंब काढून टाकायचा
(त्यात विष असतं),
मग उकडायचे. घशाला खाजायचे ते.

आणि मी बाळसं धरलं.

अख्ख्या गल्लीत एकटी मी.
तेर्प्स्त्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या:
तळघरात काय लपवलंय, सांगा.
आईने त्यांना खाली नेलं, मेणबत्ती धरून.
एक बादली कंद. टायर नसलेली सायकल.
त्या काही बोलल्या नाहीत, पण विश्वासही ठेवला नाही.
तेव्हापासून बाहेर नेताना आई माझे गाल शालीत झाकायची
चोरीचा माल झाकावा तसे.

युर्रे मार्चमध्ये गेला. अकरा वर्षांचा.
पेटी मिळाली नाही,
कपाटाची दारं काढून त्यांत नेला.
तो हडकत गेला तशी मी भरत गेले.
हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही.

वसंतात विमानं इतकी खाली आली
की वैमानिकाने हात हलवलेला दिसला.
पोती पडली. मग भट्ट्या पेटल्या.
पांढरा पाव! लोक तो आधी नाकाला लावायचे,
मग रडायचे, मग खायचे.
आईने जाड तुकड्यावर लोणी फासून माझ्या हातात दिला:
खा गं पोरी. संपलं सगळं.
मी खाल्ला. रोज खाल्ला.
महिन्याभरात पोट पुन्हा नगारा.
आई शेजारणीला म्हणाली,
हिला सुख पचत नाही.

एकतिसाव्या वर्षी एका तरुण डॉक्टरने
कागदावर एक शब्द लिहून दिला. सिलिॲक.
आईने तो चष्मा लावून वाचला, घडी घातली,
पुन्हा उघडून वाचला.
म्हणजे मी भरवत होते तेच...
नाही गं आई, मी म्हटलं.
कॉफी निवत राहिली दोघींची.

काल पणतूचा वाढदिवस. सहा वर्षांचा झाला.
सगळ्यांना केक, माझ्या मांडीवर माझा डबा:
तांदळाच्या पिठाचे दोन चौकोन, जरा कोरडेच.
तो डब्यात नाक खुपसून विचारतो,
तू आमचं का खात नाहीस?
माझं आणि गव्हाचं भांडण आहे.
कधीपासून?

लढाई संपली तेव्हापासून, मी म्हणाले.
त्याला पटलं.
एक चौकोन उचलून चावला,
तोंड वाकडं केलं
आणि उरलेला परत डब्यात ठेवला.
त्याच्या बोटांना केकचा चुरा होता.

मी झाकण लावलं. भूक नाही म्हटलं.